कळंबच्या बागेला जाताना एकशे आठ

मी डाळिंबाचा व्यापारी आहे. घाई नसल्याचं दाखवणं हा माझ्या धंद्याचा अर्धा भाग आहे. बाग कितीही आवडली तरी झाडाखाली उभं राहून जांभई द्यायची, फळ हातात घेऊन त्यावर डाग शोधायचा, "बघू, येतो परत" म्हणून गाडीपर्यंत चालत जायचं. मागून हाक येते की नाही यावर पुढचं ठरतं. ज्याची गरज दिसली त्याला बाग महाग पडते, हे मी फार लवकर शिकलो. तेव्हा मी कऱ्हाटीतून लिंबाची पोती एसटीच्या टपावर टाकून बारामतीला आणायचो आणि टपावरून उतरेपर्यंत माझा चेहरा भाव सांगून टाकायचा. चेहरा आवरायला काही वर्षं गेली.

धंद्याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे खरोखरची घाई. चांगली बाग तोडणीला आली की ती बातमी एकट्या माझ्याकडं नसते. जो आधी पोचून शेतकऱ्याच्या हातावर इसार ठेवतो, बाग त्याची. इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची थोडी आगाऊ रक्कम. तिची पावती नसते, सही नसते, पण ती एकदा घेतली की आमच्याकडचा शेतकरी दुसऱ्या व्यापाऱ्याला बागेत पाऊलही टाकू देत नाही. त्यामुळं गाडी पळवायची ती रस्त्यावर. शेताच्या बांधापाशी आलो की मग सावकाश.

या पळवण्याला पूर्वी मर्यादा घालावी लागत नव्हती. बारामतीहून इंदापूरकडं जाताना खड्डे ते काम करायचे. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांमागं निमूट रांग लागायची आणि घाई असो नसो, सगळे एकाच वेगानं जायचे. आता तिथं चौपदरी काँक्रीट झालं आहे. मुरूम ओतून भराव केला, वळणं सरळ केली, मधे दुभाजक घातला. गाडी आपण होऊन शंभराला जाते, जाणवतही नाही. आणि अशा रस्त्याच्या कडेला ऐंशीची पाटी. नमुना एक दाखवायचा आणि माल दुसरा द्यायचा, तसा हा प्रकार मला पहिल्या दिवसापासून वाटत आला आहे.

कळंबला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बाग आहे. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही म्हणतो. त्या बागेला पहिलं फळ धरलं तेव्हापासून ती मी घेत होतो. पुण्यातलं माझं मोठं गिऱ्हाईक त्याच मालासाठी माझ्याकडं आलं आणि त्याच मालासाठी टिकलं. तेव्हा धंद्यात माझा एक भागीदार होता. पुढं तो आणि मी वेगळे झालो. तेव्हा असं ठरलं होतं की बाजारातला आमचा गाळा त्याचा, शेतकरी माझे. मी गाळा सोडला. त्यानं मात्र पहिल्याच हंगामात तात्यांची बाग गाठली. मी पोचलो तेव्हा तो बांधावर उभा राहून तोडणीच्या माणसांना जागा दाखवत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "शेठ, जरा उशीर केला." हे वाक्य मी विसरलेलो नाही, विसरायचा विचारही नाही. त्या वर्षी पुण्याच्या गिऱ्हाइकानं निम्मा माल त्याच्याकडून उचलला. आणखी एकदा असं झालं असतं तर उरलेला निम्माही गेला असता.

म्हणून पुढच्या वर्षी तात्यांचा फोन आला तेव्हा मी वाट बघितली नाही. तात्या म्हणाले, "बाग तयार हाय. सकाळी या. दुसऱ्याबी एकाला बोलावलंय." तो दुसरा कोण, हे विचारण्याची गरज नव्हती.

सकाळी रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूला ऊस, समोर सरळ काँक्रीट, ऊन अजून डोळ्यावर आलेलं नव्हतं. काटा किती वर गेला ते मी बघितलं नाही, कारण मी आरशात मागून पांढरी गाडी येते का ते बघत होतो. भागीदाराची गाडी पांढरी आहे. एका बाभळीच्या सावलीत पोलिसांची गाडी उभी दिसली, पण कोणी हात केला नाही, शिट्टी वाजवली नाही. मला वाटलं, चहा पीत असतील.

कळंबच्या फाट्याला वळलो आणि सवयीप्रमाणं वेग सोडला. बांधाअलीकडं गाडी उभी करून तोंड पुसलं आणि रमतगमत निघालो. तात्या शेडच्या दारात बाजेवर बसले होते.

"या शेठ. लवकरच आला."

"वालचंदनगरला काम होतं. म्हटलं जाता जाता तात्यांना भेटावं."

"रविवारचं काम काढलं व्हय?"

आम्ही बागेत गेलो. माल सुरेख होता. रंग चढलेला, फळ वजनदार, पानं निरोगी. मी एका फळाकडं बोट दाखवलं.

"तात्या, डाग पडलाय की."

"कुठं?"

"हा काय."

"त्यो डाग न्हाय. माशी बसलीया."

माशी उडाली. मी दुसरं फळ बघू लागलो.

परत येऊन शेडमध्ये बसलो. तात्यांच्या घरच्या काकूंनी चहा आणला आणि "औंदा पाव्हणं एकलंच आलं, त्यो दुसरा पाव्हणा न्हाय व्हय संगं?" असं विचारून जखमेवर बोट ठेवलं. तात्यांनी त्यांचा आकडा सांगितला. मी माझा सांगितला. दोन आकड्यांमध्ये बरंच अंतर होतं.

यानंतर शांतता येते. ज्यांनी कधी बाग घेतली नाही त्यांना हे सांगावं लागेल. दोन्ही आकडे सांगून झाले की कोणीच बोलत नाही. पाखरं ओरडतात, पलीकडं मोटार चालू असते, आणि दोन माणसं दोन वेगवेगळ्या दिशांना बघत बसतात. जो आधी तोंड उघडतो तो खाली येतो किंवा वर जातो. या शांततेत मी तरबेज आहे. माझी संपत्ती काय असेल ती याच शांततेत झालेली आहे. तात्या तंबाखू मळत होते. मळून झाली तरी मळत राहिले, म्हणजे त्यांचा धीर संपत आला होता. त्यांनी घसा साफ केला. ते आता बोलणार होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मेसेज होता. न बघता बसायला हवं होतं, पण हात गेलाच. गाडीचा नंबर, ठिकाण, मर्यादा ऐंशी, वेग एकशे आठ, दंड. खाली फोटोची लिंक.

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही.

"ऐंशी म्हणे! ह्या असल्या रस्त्याला ऐंशी! म्हैस तरी जाईल का ऐंशीनं?"

"काय झालं?" तात्या म्हणाले.

"दंड मारला, दुसरं काय! आत्ता येताना. बाभळीखाली लपून बसलेत चोरासारखे. अडवायचं नाही, विचारायचं नाही, नुसता फोटो काढायचा."

"कितीनं येत हुता तुमी?"

"एकशे आठ."

तात्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि डबी बंद केली.

"वालचंदनगरच्या कामाला?"

माझी घाई उघडी पडली हे मला त्याच क्षणी कळलं, पण आता माझ्या हातात काही नव्हतं. काकू दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"माझा आकडा त्योच हाय शेठ," तात्या म्हणाले. त्यांचा घसा आता अगदी साफ होता. "पटत आसंल तर बघा. आन् न्हाय पटलं तर त्यो दुसरा येतच आसंल."

मी त्यांच्या आकड्याला बाग घेतली. इसार त्यांच्या हातावर ठेवला. त्यानंतर मुद्दाम तासभर तिथंच बसलो, पण मी निघेपर्यंत दुसरं कोणी आलं नाही.

परत येताना बाभळीखालची गाडी तिथंच होती. मी अलीकडच्या कडेला गाडी लावली आणि दुभाजक ओलांडून तिच्यापाशी गेलो. आत एक तरुण हवालदार बसला होता. बाहेर तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा. मी फोनवरचा मेसेज त्याला दाखवला आणि म्हणालो, "ही मर्यादा ठरवली कोणी?"

"मी न्हाय ठरवली काका."

"रस्ता रिकामा होता."

"व्हता ना. म्हणून तर एकशे आठ. भरलेला आसता तर साठनं आला आसता."

"मग शंभर धरा. अठ्ठावीस जास्त दिसतात, वीस करा."

एवढं बोलल्यावर माझं मलाच लक्षात आलं की मी सौदा करतो आहे. हवालदारानं कॅमेऱ्याकडं बोट केलं.

"त्याला सांगून बघा. सकाळपासून बऱ्याच जणांनी सांगितलंय."

मी चिडलो. म्हणालो, माणसं मरतात ती या सरळ पट्ट्यावर नाही. कारखान्याच्या फाट्यावर मरतात. तिथं उलट्या बाजूनं ट्रॉल्या येतात, मागं दिवा नाही, लाल फडकंसुद्धा नाही. तिथं कॅमेरा लावा की.

"तितं गाड्या ऐंशीच्या वर जातच न्हाईत. फोटो कुणाचा काढू?"

"ट्रॉलीचा काढा."

"ट्रॉलीचा वेग पंधरा. मशीन म्हणतं, लई चांगला मानूस हाय."

आम्ही हे बोलत असतानाच एक ट्रॅक्टर पेरूचे क्रेट घेऊन समोरून, उलट्या बाजूनं आला. दुभाजकातली पुढची फट लांब असेल, म्हणून त्यानं जवळचा रस्ता धरला होता. कॅमेऱ्यासमोरून जाताना चालकानं हवालदाराला "रामराम" घातला. हवालदारानंही हात वर केला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "गाववाला हाय."

माझेही पिकअप तोडणीच्या दिवसात असेच उलटे येतात. मी ते त्याला सांगितलं नाही.

घरी येऊन मी ऑनलाइन तक्रार टाकली. पाटी नीट दिसत नाही, रस्ता चौपदरी आहे, रहदारी नव्हती, असं सगळं लिहिलं. काही दिवसांनी ती फेटाळल्याचं एका ओळीत आलं. कारण नव्हतं. मी दंड भरला. त्या रकमेचं मला फार काही वाटलं नाही. तात्यांच्या शांततेत वाजलेला तो फोन मला जेवढ्याला पडला, त्यापुढं दंड काहीच नव्हता.

तेव्हापासून या ऐंशीचा मी बराच विचार केला आहे. बहुतेक वेळा गाडीतच, कारण माझा निम्मा दिवस बारामती आणि इंदापूर यांच्यामध्ये जातो. मला वाटतं, ऐंशी हा सौद्यातला पहिला आकडा आहे. सरकारनं ऐंशी म्हणायचं, लोकांनी शंभरनं जायचं, आणि हे दोघांनाही ठाऊक असायचं. मी तात्यांना माझा आकडा सांगतो तेव्हा तो मिळेल असं मला वाटत नाही, तात्यांनाही वाटत नाही. पण आकडा सांगितल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. अशी ती पाटी होती. मग कॅमेरा आला आणि पहिलाच आकडा शेवटचा झाला. बोलणी न होता सौदा तुटावा तसं ते आहे. माझा राग तिथं आहे.

पण दुसऱ्या बाजूनंही बघितलं पाहिजे, नाहीतर भाव कळत नाही. अंथुर्ण्याच्या पुढं एका फटीपाशी एकदा मी पंक्चर काढत बसलो होतो. एक बाई डोक्यावर मक्याचा भारा घेऊन पलीकडं जायला उभी होती. गाडी आली की ती थांबायची, मग एक पाऊल टाकायची, परत मागं यायची. तिच्याकडं बघता बघता माझ्या लक्षात आलं की ती फक्त गाडी किती लांब आहे ते बघते. किती वेगानं येते ते तिच्या डोळ्यांना मोजता येत नाही. जुन्या रस्त्यावर तेवढं अंतर असलं की आरामात पलीकडं जाता यायचं. तिचा अंदाज जुन्या रस्त्याचा आणि गाड्या नव्या रस्त्याच्या. तिथं ऐंशीसुद्धा जास्त आहे. तिथं साठची पाटी लावा आणि कॅमेराही लावा, मी एक शब्द बोलणार नाही. आणि जिथं दोन्ही बाजूला जाळी आहे, माणूस नाही, जनावर नाही, तिथं शंभर करा. बाग बघून भाव करतात. सगळ्या रस्त्याला एकच आकडा लावणारा माणूस झाडाखाली उभाच राहिलेला नाही, असं माझं मत आहे. ते बदललेलं नाही.

यंदा तात्यांचा पुन्हा फोन आला. "बाग तयार हाय. दुसऱ्याबी एकाला बोलावलंय." शब्द तेच होते.

मी ऐंशीनं गेलो. पटलं म्हणून नव्हे. शेडमध्ये फोन वाजायला नको होता. तो बंद करून डिकीत टाकला आणि काटा ऐंशीवर धरला. कऱ्हा नदी ओलांडून बरंच पुढं आल्यावर आरशात पांढरी गाडी दिसली. ती मोठी होत गेली आणि बाजूनं निघून गेली. जाताना त्यानं लांब हॉर्न दिला. या वेळी खरोखरच दुसरा माणूस होता.

मलाही पाय दाबावासा वाटला हे मी नाकारत नाही. ती बाग, ते पुण्याचं गिऱ्हाईक, "जरा उशीर केला" हे वाक्य, सगळं एकदम पुढं आलं. रस्ता रिकामा होता आणि पुढच्या बाभळीखाली कोणी आहे की नाही हे तिथून दिसत नव्हतं. तरी मी पाय दाबला नाही. मला एवढंच दिसत होतं की तो पुढं पोचला तरी चहा होईपर्यंत तात्या आकडा सांगत नाहीत.

मी पोचलो तेव्हा भागीदार बाजेवर बसला होता, हातात कप. तात्या समोर.

"या शेठ," तात्या म्हणाले, "सावकाश आला."

"काम काही नव्हतं आज," मी म्हणालो. "म्हटलं बाग बघावी."

काकूंनी मलाही चहा दिला. तात्या भागीदाराला म्हणाले, "तुमी लवकर आला. रस्ता मोकळा व्हता वाटतं?"

"रस्त्याचं काय तात्या, गाडी पाहिजे," भागीदार म्हणाला. "ह्यांना तर मी मागंच टाकलं. उभे असल्यासारखे दिसले मला."

"किती पळती वो?"

"एकशे तीस आरामात. हात सोडला तरी सरळ जाते."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बशीत चहा ओतला.

"बरं," तात्या म्हणाले आणि तंबाखूची डबी काढली. "शेठ, आधी तुमी बोला."

मी माझा आकडा सांगितला. तात्यांनी तो ऐकून घेतला आणि भागीदाराकडं वळले. त्यानं माझ्यापेक्षा थोडा वरचा सांगितला. तात्यांनी आपला सांगितला. तो गेल्या वेळी मी दिला त्याहूनही वरचा होता. मग शांतता आली.

मी पाखरांकडं बघत होतो. भागीदार माझ्याकडं बघत होता, मग घड्याळाकडं, परत माझ्याकडं. तात्या तंबाखू मळत होते. मळून झाली, त्यांनी तोंडात टाकली, डबी बंद केली. त्यांना काहीच घाई नव्हती.

"चला, मधलं धरा तात्या," भागीदार म्हणाला.

"मधलं न्हाय."

पुन्हा शांतता. माझ्याही तोंडावर आकडा आला होता. दोन वेळा आला. पण बाग मी येताना बघितली होती. यंदा खालच्या ओळीतलं फळ लहान होतं आणि त्या भावाला ते परवडणारं नव्हतं. भागीदार आल्या आल्या बाजेवर बसला होता. खालच्या ओळीपर्यंत तो गेलाच नव्हता.

"घ्या," तो म्हणाला आणि इसार काढला. इसार देताना तो तात्यांकडं नाही, माझ्याकडं बघत होता.

बाग गेली. पुण्याच्या गिऱ्हाइकाला मी नंतर कऱ्हाटीच्या बागेचा माल पाठवला. त्यानं घेतला, पण फोनवर म्हणाला, "तो कळंबचा नाही मिळाला का यंदा?" मी म्हणालो, यंदा तो महाग होता. त्यानं फोन ठेवला. पुढच्या हंगामाला तो कोणाला फोन करील ते आज सांगता येत नाही.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा तात्या गाडीपर्यंत सोडायला आले. यापूर्वी ते कधी आले नव्हते. बॉनेटवर हात टेकवून उभे राहिले.

"राग न्हाय ना आला, शेठ?"

"आला."

"येनारच. पर पुढल्या बहाराला या."

"कशाला? बाग तर दुसऱ्यालाच द्यायची."

"आवो तसं न्हाय," तात्या म्हणाले. "तुमी या. असंच सावकाश या. तुमी सावकाश निघाला की दुसरा पळत येतो बगा."

मी गाडी सुरू केली. त्यांनी हात काढला.